राष्ट्रीय सेलिंग स्पर्धा भरवायची असेल तर: मान्यता, नोटीस आणि पाण्यावरची जबाबदारी

प्रश्न एका क्लबच्या सचिवांचा आहे आणि तो थोडक्यात असा. त्यांचा क्लब एका धरणाच्या जलाशयावर गेली काही वर्षे ऑप्टिमिस्ट (मुलांनी एकट्याने चालवायची छोटी होडी) आणि आयएलसीए (पूर्वीची ‘लेझर’) या होड्यांच्या वर्गांच्या राज्य पातळीवरील शर्यती घेतो. येत्या हंगामात तेथेच ‘राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा’ घ्यावी असे सभासदांच्या मनात आहे. एक पर्यटन कंपनी सगळा खर्च उचलायला तयार आहे, मात्र आयोजक म्हणून नाव आपलेच लागावे अशी तिची अट आहे. तेव्हा मान्यता नेमकी कोणाकडून घ्यायची, ‘राष्ट्रीय’ हा शब्द फलकावर लावण्याचा अधिकार कोणाला, आणि आयोजनाचे नियम कोठे पाहायचे, असे त्यांनी विचारले आहे. शर्यत अधिकारी म्हणून माझी बरीच वर्षे समितीच्या होडीवर गेली असल्याने, नियमपुस्तकाचा क्रम बाजूला ठेवून प्रत्यक्षात अडचणी ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने मी उत्तर देतो.

सर्वांत आधी एक साधी गोष्ट, कारण तिच्यापायी अर्ज चुकीच्या दारात गेलेले मी पाहिले आहेत. मराठी वर्तमानपत्रे वल्ह्यांच्या शर्यतीलाही ‘नौकानयन’ म्हणतात आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यतीलाही ‘नौकानयन’च म्हणतात. आपले दत्तू भोकनळ ज्या खेळात ऑलिंपिकपर्यंत पोहोचले तो वल्ह्यांचा खेळ रोइंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या अखत्यारीत येतो. कयाक आणि कनू यांची संघटना त्याहून वेगळी आहे. शिडाच्या होड्यांसाठी देशातील संघटना म्हणजे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया, आणि जागतिक पातळीवर तिच्या वर वर्ल्ड सेलिंग. ही जागतिक संघटना १९०७ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि २०१५ पासून ती या नावाने ओळखली जाते. जिल्हा क्रीडा कार्यालयाशी, पोलिसांशी किंवा पाटबंधारे खात्याशी पत्रव्यवहार करताना ‘नौकानयन’ एवढाच शब्द न वापरता ‘शिडाच्या होड्यांची शर्यत (सेलिंग)’ असे स्पष्ट लिहावे, म्हणजे वल्ह्यांच्या सरळ पट्ट्याची परवानगी हातात पडून नंतर दुरुस्तीपत्रके काढावी लागत नाहीत.

आता ‘राष्ट्रीय’ या शब्दाविषयी. फलक रंगवण्यापुरता हा शब्द कोणीही लिहू शकतो, परंतु त्याचे वजन स्पर्धा संपल्यावर कळते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याचा लाभ घेताना खेळाडूचे प्रमाणपत्र विभागीय उपसंचालक, क्रीडा व युवक सेवा यांच्या कार्यालयात पडताळणीसाठी जाते. तेथे पहिला प्रश्न असतो तो ही स्पर्धा त्या खेळाच्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनेची अधिकृत स्पर्धा होती की नव्हती, हा. क्लबने उत्साहाने ‘राष्ट्रीय’ म्हटलेली, चांगली झालेली, बारा राज्यांतून होड्या आलेली स्पर्धा जर संघटनेच्या त्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसेल, तर तिसरी आलेली मुलगी पाच वर्षांनी त्या कार्यालयात रिकाम्या हाताने उभी राहते, आणि तेव्हा आयोजन समितीतील कोणीही तिच्यासाठी काही करू शकत नाही. म्हणून मान्यता ही उद्घाटनाच्या आधी उरकण्याची औपचारिकता समजू नये. प्रवेशपत्रिका काढण्यापूर्वी ती लेखी हातात असली पाहिजे. याच संदर्भात हेही सांगितले पाहिजे की राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, म्हणजे ज्यांना आपण नॅशनल गेम्स म्हणतो आणि ज्या २०२३ मध्ये गोव्यात झाल्या, त्या भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या असतात. संघटनेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा त्यांहून वेगळी असते. अर्जात या दोन्हींची गल्लत झाली की तो परत येतो.

राष्ट्रीय संघटनेवर स्वतःवरही बंधने असतात. केंद्र सरकारच्या २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेने मान्यता टिकवण्यासाठी संघटनांना राष्ट्रीय स्पर्धा नियमितपणे घेण्याची जबाबदारी दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने मान्यतेचा विषय राष्ट्रीय क्रीडा मंडळाकडे नेला. क्लबच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की संघटनेला यजमान हवेच असतात. सक्षम क्लबाचा वेळेवर आलेला, नीट लिहिलेला प्रस्ताव तिला नको असतो असे नाही. प्रस्ताव अडतो तो बहुधा अन्य कारणाने: क्लब स्वतः संलग्न नसतो, त्या वर्गाच्या संघटनेशी बोलणे झालेले नसते, किंवा ज्या आठवड्यात स्पर्धा मागितली आहे त्याच आठवड्यात हैदराबादला किंवा चेन्नईला दुसरी स्पर्धा आधीच ठरलेली असते. एक गोष्ट लक्षात ठेवावी: देशात चांगली सेलिंग होते अशी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि होड्या ट्रकवर चढवून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यास, मध्ये दुरुस्ती धरून, आठवडा सहज जातो.

पर्यटन कंपनीच्या अटीचे उत्तर मात्र संघटनेच्या पत्राची वाट न पाहता नियमपुस्तकातच मिळते. शिडाच्या होड्यांच्या शर्यतींचे नियम दर चार वर्षांनी नव्याने प्रसिद्ध होतात आणि सध्या १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेली २०२५–२०२८ ची आवृत्ती चालू आहे. तिच्यातील नियम ८९.१ शर्यत कोण भरवू शकते हे ठरवतो: वर्ल्ड सेलिंग, तिची सदस्य असलेली राष्ट्रीय संघटना, त्या संघटनेशी संलग्न असलेला क्लब, आणि काही अटींवर वर्गसंघटना व इतर संस्था. संलग्न नसलेली संस्था, मग ती कितीही श्रीमंत असो, एकटी आयोजक होऊ शकत नाही. ती संलग्न क्लबाच्या बरोबरीनेच येऊ शकते, आणि ती जर त्या क्लबाच्या मालकीची व नियंत्रणाखालची नसेल तर त्यासाठी वर्ल्ड सेलिंग आणि राष्ट्रीय संघटना या दोघांचीही मान्यता लागते. म्हणून कंपनीला नाव द्यायचे असेल तर प्रायोजक म्हणून द्यावे, आणि आयोजक म्हणून क्लबाचेच नाव राहावे. प्रायोजकाला होडीवर जागा हवी असेल तर वर्ल्ड सेलिंगच्या जाहिरात नियमांत त्याचीही सोय आहे: होडीच्या सांगाड्याचा पुढचा २० टक्के भाग स्पर्धेच्या जाहिरातीसाठी वापरता येतो. कंपनीच्या व्यवस्थापकांना हे आरंभीच दाखवले म्हणजे पुढची सगळी बोलणी सोपी जातात. माझ्या अनुभवात त्यांना आयोजकपद नको असते, त्यांना छायाचित्रात आपले चिन्ह हवे असते.

आयोजक ठरला की पहिला कागद म्हणजे नोटीस ऑफ रेस, जिला क्लबांमध्ये सर्रास एनओआर म्हणतात. नियम ८९.२ नुसार ती आयोजकाने प्रसिद्ध करावयाची असते आणि तिच्यात काय असावे हे परिशिष्ट ‘जे’ सांगते. ही नोटीस म्हणजे निमंत्रणपत्रिका आहे असा गैरसमज फार आहे, आणि म्हणूनच तिच्यात देवळाजवळचा चौक, जेवणाची व्यवस्था आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांची नावे असतात, परंतु मालिका पूर्ण होण्यास किमान किती शर्यती व्हायला हव्यात हे नसते. प्रत्यक्षात ती खेळाडू आणि आयोजक यांच्यातला करार आहे आणि नियमांच्या व्याख्येत ती स्वतःच एक ‘नियम’ आहे, म्हणजे तिच्यातल्या वाक्यावर तक्रार होऊ शकते व निवाडाही होऊ शकतो. कोणते वर्ग, वयोमर्यादा कोणत्या तारखेला मोजायची, मुला-मुलींची विजेतेपदे एकत्र की वेगळी, परदेशी खेळाडूंना प्रवेश आहे का व असल्यास राष्ट्रीय विजेतेपदावर त्यांचा हक्क आहे का, होडी स्वतःची आणायची की भाड्याने मिळणार, प्रवेश मागे घेतल्यास शुल्क परत मिळेल का, तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा किती रकमेचा, किती शर्यती योजल्या आहेत व त्यांतल्या किती झाल्यावर विजेतेपद दिले जाईल, यांपैकी प्रत्येक मुद्दा नोटिशीत एका स्पष्ट वाक्यात आला पाहिजे.

वयाच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. ऑप्टिमिस्टमध्ये खेळाडू ज्या वर्षी १५ वर्षांचा होतो त्या वर्षाअखेरपर्यंत खेळू शकतो, म्हणजे मोजमाप कॅलेंडर वर्षाचे आहे, वाढदिवसाचे नाही. नोटिशीत नुसते ‘१५ वर्षांखालील’ असे लिहिले की ज्या मुलाचा वाढदिवस फेब्रुवारीत झाला तो पात्र की अपात्र यावर दोन पालक नोंदणीच्या टेबलापाशीच भांडतात, आणि दोघेही आपापल्या परीने वाचलेल्या वाक्याला धरून बरोबर असतात. जन्मदाखल्याची मूळ प्रत नोंदणीच्या वेळी पाहणे अप्रिय वाटले तरी टाळू नये. वयाची लबाडी हा आपल्या देशातील सर्वच खेळांना लागलेला रोग आहे.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगतो, कारण तिच्यावरून नोटीस आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स (म्हणजे शर्यत समितीच्या लेखी सूचना) किती बारकाईने लिहाव्या लागतात हे कळेल. एका तळ्यावर मी मुख्य शर्यत अधिकारी होतो. मालिका पूर्ण होण्यास चार शर्यती आवश्यक होत्या, तीन झाल्या होत्या, आणि शेवटच्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला. पाणी इतके स्थिर की मार्कची, म्हणजे मार्ग आखणाऱ्या तरंगत्या खुणांची, प्रतिबिंबे दिसत होती. दुपारी एकच्या सुमारास मी पुढे ढकलण्याचा ध्वज, म्हणजे लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा ‘एपी’, लावून सगळ्यांना किनाऱ्यावर परत पाठवले. तीन वाजेपर्यंत काही हलले नाही, तेव्हा दोन संघांनी रात्रीची गाडी गाठायची म्हणून डोलकाठ्या उतरवल्या आणि होड्या ट्रकवर चढवायला सुरुवात केली. चार वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेकडून वारा आला, सहा नॉट, स्थिर. नियमाने मला शर्यत सुरू करता येत होती आणि मी ती केली. चौथी शर्यत झाली, मालिका पूर्ण झाली, आणि ट्रकवर चढलेल्या होड्यांना ‘सुरुवात केली नाही’ म्हणून प्रवेशिकांच्या संख्येत एक मिळवून येतील तितके गुण मिळाले. त्यांनी नुकसानभरपाईची, म्हणजे रिड्रेसची, मागणी केली. सुनावणी रात्री साडेनऊपर्यंत चालली. आणि ती फेटाळली गेली, कारण शेवटच्या दिवशी अमुक वाजल्यानंतर इशारा संकेत, म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीचा पहिला संकेत, दिला जाणार नाही, असे एक वाक्य मी सेलिंग इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहायला विसरलो होतो. मी नियम मोडला नव्हता, परंतु त्या मुलांना जो विश्वास देणे माझे काम होते तो मी दिला नव्हता. तेव्हापासून ते वाक्य मी सर्वांत आधी लिहितो.

सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, ज्यांना एसआय म्हणतात, त्या शर्यत समितीच्या असतात आणि त्या नोटिशीनंतर, बहुधा नोंदणीच्या वेळी दिल्या जातात. मार्ग, मार्कचे रंग, वेळेची मर्यादा, तक्रार नोंदवण्याची मुदत आणि किनाऱ्यावरच्या संकेतांची जागा त्यांत येते. बदल करायचा झाल्यास तो लेखी असावा लागतो व ठरलेल्या वेळेपूर्वी अधिकृत सूचनाफलकावर लागला पाहिजे. पाण्यावर बदल करायचा असेल तर त्या होडीच्या इशारा संकेताआधी तो प्रत्येक होडीपर्यंत पोहोचवावा लागतो. संघप्रमुखांच्या फोनवरील गटात टाकलेला संदेश म्हणजे सूचनाफलक नव्हे, जोपर्यंत नोटिशीत ‘आमचा सूचनाफलक ऑनलाइन असून तो अमुक ठिकाणी आहे’ असे लिहिलेले नाही. या एका मुद्द्यावर अलीकडे जितक्या सुनावण्या होतात तितक्या पूर्वी पाण्यावरच्या धडकांवरही होत नसत, असे कधी कधी वाटते.

आता तीन समित्यांविषयी. आयोजक संस्था, शर्यत समिती आणि तक्रार समिती यांची कामे नियमांनी वेगळी केली आहेत, आणि लहान क्लबांत हीच तीन कामे एकाच टेबलाभोवती बसलेली तीच पाच माणसे करतात. राज्य पातळीवर ते चालून जाते. राष्ट्रीय स्पर्धेत चालत नाही. क्लबाचा प्रशिक्षक तक्रार समितीत बसला आहे आणि त्याचा शिष्य सुनावणीत एक पक्ष आहे, अशी परिस्थिती उद्भवू शकते एवढी शक्यता जरी दिसली तरी त्याने बाजूला व्हावे. हितसंबंधांच्या संघर्षाची नियमांतली व्याख्या प्रत्यक्ष पक्षपाताची वाट पाहत नाही, इतरांना तसे वाजवीपणे वाटू शकते एवढे तिला पुरते. यजमान क्लबाबाहेरचे पंच मागवणे खर्चाचे असते, त्यांचा प्रवास, निवास आणि चार-पाच दिवसांचे जेवण अंदाजपत्रकात आधीच धरावे, कारण आयोजन समितीला खर्च कमी करायचा झाला की पहिली कात्री येथेच चालते. संघटनेचे परवानाधारक राष्ट्रीय शर्यत अधिकारी व राष्ट्रीय पंच यांच्या नावांची विचारणा प्रस्तावाच्या वेळीच करावी. चांगल्या अधिकाऱ्यांच्या तारखा वर्षाच्या आरंभीच भरतात.

आंतरराष्ट्रीय ज्युरी नेमायची की नाही, असा प्रश्न पुढे येतो. ती किमान पाच अनुभवी सदस्यांची असावी लागते, त्यांतले बहुसंख्य वर्ल्ड सेलिंगने प्रमाणित केलेले आंतरराष्ट्रीय पंच असावे लागतात, आणि नियमाप्रमाणे बसलेल्या अशा ज्युरीच्या निर्णयावर अपील नसते. साध्या तक्रार समितीच्या निर्णयावर मात्र राष्ट्रीय संघटनेकडे अपील करता येते. आशियाई किंवा जागतिक स्पर्धेसाठीची निवड जर याच स्पर्धेवरून होणार असेल तर अपिलाचा निकाल महिन्याभराने लागून निवडयादी बदलणे कोणालाच परवडणारे नसते, हे संघटनेशी आधी बोलून ठरवावे. आपल्या पहिल्या प्रयत्नासाठी माझे मत विचाराल तर चांगली राष्ट्रीय तक्रार समिती पुरेशी आहे.

गुण मोजण्याचे काम सोपे समजले जाते, म्हणून ते शेवटच्या क्षणी कोणा तरुण सभासदाकडे लॅपटॉपसह सोपवले जाते. परिशिष्ट ‘ए’ प्रमाणे पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असे जाते आणि कमी गुणांचा खेळाडू जिंकतो. नोटिशीत वेगळे न सांगितल्यास प्रत्येकाचा एक सर्वांत वाईट निकाल वगळला जातो. खरी परीक्षा बरोबरीत होते. समजा सहा शर्यतींनंतर एका मुलाचे गुण १, ३, २, ५, १ आणि वगळलेले ९ असे आहेत, तर दुसऱ्याचे २, १, १, ४, ४ आणि वगळलेले ६. दोघांचीही बेरीज १२. शेवटच्या शर्यतीत दुसरा पुढे होता, म्हणून तोच विजेता, असे किनाऱ्यावर सगळे म्हणतात, आणि बक्षीस समारंभाचा निवेदक तसे जाहीर करायलाही निघतो. नियम आधी वेगळे पाहायला सांगतो: वगळलेले गुण सोडून बाकीचे उत्तमापासून वाइटाकडे मांडा. पहिल्याचे १, १, २, ३, ५ होतात. दुसऱ्याचे १, १, २, ४, ४. चौथ्या जागी ३ आणि ४ असा फरक पडतो, म्हणून पहिला मुलगा जिंकतो. एवढ्यानेही बरोबरी सुटली नसती तरच शेवटच्या शर्यतीकडे जायचे असते, आणि तेव्हा मात्र वगळलेला निकालही धरला जातो. हे गणित निकालपत्रकाखाली दोन ओळींत लिहून सूचनाफलकावर लावावे. पालक शांत होतात.

सुरक्षिततेबद्दल नियमपुस्तकातील एक वाक्य आयोजक सोयीस्करपणे वाचतात. शर्यतीत भाग घ्यायचा की नाही, किंवा ती चालू ठेवायची की नाही, याची जबाबदारी त्या होडीचीच असे नियम ३ म्हणतो. हे खरे आहे, पण दहा वर्षांचे मूल सव्वादोन मीटरच्या ऑप्टिमिस्टमध्ये एकटे बसलेले असते तेव्हा त्या वाक्यामागे लपता येत नाही, आणि कोणतेही न्यायालय लपू देणार नाही. बचावाच्या होड्या किती, त्यांतल्या प्रत्येकीवर पाण्यात उडी घेऊ शकणारी व्यक्ती आहे का, वाऱ्याची खालची व वरची मर्यादा काय, वीज कडाडू लागल्यास किनाऱ्यावर परतण्याचा संकेत कोणता, आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे एका पानावर लिहून संघटनेला प्रस्तावासोबतच द्यावे. माझ्या अनुभवात या एका पानाचा प्रस्तावावर जितका चांगला परिणाम होतो तितका रंगीत सादरीकरणाचा होत नाही.

त्या पानावर टॅलीची पद्धत अवश्य असावी. लाकडी फळीवर खिळे ठोकून प्रत्येक होडीच्या क्रमांकाचा बिल्ला टांगायचा, पाण्यात जाताना खेळाडूने तो काढून आपल्या जीवरक्षक जॅकेटला लावायचा, परत आल्यावर पुन्हा टांगायचा. संध्याकाळी फळीकडे नजर टाकली की कोण पाण्यात आहे हे कळते. एका संध्याकाळी सत्तावीस क्रमांकाचा खिळा रिकामा राहिला. अंधार पडायला अर्धा तास होता. दोन बचाव होड्या तळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात, बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांमधून, चाळीस मिनिटे शोधत फिरल्या, आणि शेवटी तो मुलगा स्वयंपाकघरामागे मिसळ खाताना सापडला, बिल्ला जॅकेटला तसाच. त्याला गुणांचा दंड झाला, कारण तो एसआयमध्ये लिहिलेला होता. पालकांना तो कठोर वाटला. मला तो चाळीस मिनिटांच्या मानाने स्वस्त वाटला.

होड्यांच्या तपासणीला एक पूर्ण दिवस ठेवावा. ऑप्टिमिस्टच्या तरंगण्याच्या हवेच्या पिशव्या फुगवून पाहाव्यात, ओढदोर आणि पाणी उपसण्याचे भांडे होडीला बांधलेले आहे का ते पाहावे. आयएलसीए हा एकाच साच्याचा वर्ग असल्याने त्यात अधिकृत उत्पादकाखेरीज इतर सुटे भाग चालत नाहीत, आणि स्वस्त मिळालेले शीड घेऊन दूरवरून आलेल्या खेळाडूला ते तेथे कळण्यापेक्षा नोटिशीत कळलेले बरे. राष्ट्रीय उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेचे, म्हणजे नाडाचे, नमुने घेणारे लोक न कळवता येऊ शकतात. त्यांना बंद होणारी स्वच्छ खोली आणि स्वच्छतागृह लागते, एवढी तयारी ठेवावी. मुलींच्या निवासाची व्यवस्था स्वतंत्र आणि महिला प्रतिनिधीच्या देखरेखीखाली असावी.

सैन्यदलांच्या संघांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण आपल्याकडील चांगल्या खेळाडूंपैकी बरेच जण मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडमधून, नौदलाच्या केंद्रांतून किंवा सिकंदराबादच्या ईएमई सेलिंग असोसिएशनमधून येतात. त्यांना हलण्याचा आदेश वरून मिळावा लागतो आणि तो क्लबाच्या पत्रावर मिळत नाही, संघटनेच्या अधिकृत नोटिशीवर मिळतो. म्हणून नोटीस स्पर्धेच्या तीन महिने आधी बाहेर पडली नाही तर पदकांचे दावेदार घरीच राहतात आणि आपली ‘राष्ट्रीय’ स्पर्धा नावापुरती राहते.

राहता राहिला पाण्याचा आणि तारखांचा प्रश्न, जो खरे तर सर्वांत आधी सोडवायचा असतो. समुद्रावर घ्यायची असती तर मुंबई बंदराच्या हद्दीत मुंबई पोर्ट ऑथॉरिटीकडे, राज्याच्या इतर किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे जावे लागले असते. मुंबईत १९८२ च्या आशियाई स्पर्धेतील सेलिंग झाले ते याच बंदराच्या पाण्यात. तेथे तारीख ठरवताना आम्ही मुहूर्त पाहत नसलो तरी तिथी जरूर पाहतो, कारण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या पुढे जातो, मार्कचे नांगर घसरतात आणि हलक्या वाऱ्यात होड्या प्रवाहाविरुद्ध जागच्या जागी उभ्या राहतात. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत तेच पाणी बरेच निवलेले असते. नोव्हेंबर ते मार्च या काळात सकाळचे मतलई वारे मरतात आणि दुपारी खारे वारे सुरू होतात, म्हणून तेथे पहिला इशारा संकेत दुपारी बाराच्या आधी देण्यात अर्थ नसतो.

आपल्या जलाशयाचे गणित याहून निराळे आहे. परवानगी जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडून घ्यावी लागेल आणि स्थानिक पोलीस ठाण्याला कळवावे लागेल. हैदराबादच्या हुसेन सागरावर मोठ्या स्पर्धा जुलै-ऑगस्टमध्ये होतात त्या मोसमी वारा दख्खनच्या पठारावर तेव्हा स्थिर मिळतो म्हणून. पण आपल्याकडील धरणे त्या काळात भरत असतात, विसर्ग कधी सुरू होईल ते सांगता येत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी पिण्याला व शेतीला गेल्यावर किनारा दोनशे मीटर मागे सरकून मधे गुडघाभर चिखल राहतो. त्याखेरीज जागा पुरते का तेही मोजून पाहावे. ६० आयएलसीए होड्या एकापुढे एक लावल्या तर सुमारे २५० मीटर होतात; सुरुवातीची रेषा त्याच्या सव्वापट धरली तरी ३१५ मीटर रुंद मोकळे, खोल आणि टेकड्यांच्या आडोशाबाहेरचे पाणी हवे, शिवाय तिच्यापासून वाऱ्याच्या दिशेने पहिल्या मार्कपर्यंतचा पल्ला वेगळा. ऑप्टिमिस्टची शर्यत त्याच वेळी घ्यायची असेल तर तितकेच दुसरे मैदान, आणि दोन्ही ताफे एकमेकांत घुसणार नाहीत एवढे अंतर.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसण्यापूर्वी अभियंत्यांच्या कार्यालयातून गेल्या पाच वर्षांच्या पाणीपातळीच्या आठवडावार नोंदी मागून घ्याव्यात, आणि सप्टेंबरअखेर ते डिसेंबर या काळात सकाळी दहा, दुपारी एक आणि चार अशा तीन वेळी जलाशयाच्या मध्यावर वाऱ्याचा वेग व दिशा रोज वहीत लिहून ठेवावी. हातात धरायचे वारामापक यंत्र आणि होकायंत्र त्यासाठी पुरते. ही वही आणि त्या नोंदी तयार झाल्या की कोणता आठवडा मागायचा हे त्यांतूनच दिसेल, आणि संघटनेला लिहायच्या पत्राचा पहिला परिच्छेदही तोच असेल.